खानेसुमारीची धास्ती

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धुळे मतदारसंघातून काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या आणि भारतीय जनता पक्षाचे सुभाष भामरे पराभूत झाले, तेव्हापासून एक युक्तिवाद खानदेशात आणि खानदेशाबाहेरही अशा निःशंक सुरात मांडला जात आहे की, त्याला हरकत घेणाऱ्याने जणू बेरजेलाच हरकत घेतली असे ऐकणाऱ्यास वाटावे. सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत भामरे यांना मिळून सुमारे १ लाख ९० हजारांची आघाडी होती. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्य या मुस्लिमबहुल क्षेत्रात ते सुमारे १ लाख ९४ हजारांनी मागे पडले. अर्थात एका शहरी वस्तीने पाच क्षेत्रांचा कौल फिरविला. हे गणित त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीरपणे मांडले, त्याला ‘व्होट जिहाद’ हे नाव जोडले गेले, आणि चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत त्याच्या पोटी दुसरा, अधिक व्यापक सिद्धान्त जन्मास आला: लोकसंख्येचे पारडे फिरत आहे, बाहेरून आलेले आणि भराभर वाढणारे उद्या या मुलुखाचे धनी होणार, आणि मूळचा खानदेशी आपल्याच गावी उपरा ठरणार.

पूर्वपक्ष इतक्या तपशिलाने मांडण्याचे कारण असे की, त्यातील बेरीज मी खोटी मानीत नाही. तिच्यावरून जे अनुमान काढले जाते ते मात्र बेरजेच्या अंगावर बळेच घातलेला अंगरखा आहे, आणि तो काढून पाहणे अवघड नाही. आजच्या सीमांचा धुळे मतदारसंघ २००९ पासून अस्तित्वात आहे. त्याच सीमांत, त्याच मालेगाव मध्यसह, २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुका भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, आणि २०१९ मध्ये तर याच भामरे यांचे मताधिक्य २ लाख २९ हजारांवर होते. त्या वर्षीही मालेगाव मध्य काँग्रेसच्याच बाजूस होते, याचा अर्थ उरलेल्या पाच क्षेत्रांतील त्यांची आघाडी २ लाख २९ हजारांहूनही बरीच मोठी असली पाहिजे. पाच वर्षांनंतर ती १ लाख ९० हजारांवर आली. म्हणजे जेथे या युक्तिवादाचे प्रवर्तक आपले घर शाबूत आहे असे समजतात, तेथेच घराची एक भिंत खचली होती. आणि ती का खचली हे बागलाणच्या किंवा मालेगाव बाह्यच्या कोणत्याही कांदा उत्पादकाने सांगितले असते, कारण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि चाळीत साठविलेला माल डोळ्यांदेखत मातीमोल झाला. घरात कापूस भरून ठेवून भावाची वाट पाहणारा शिंदखेड्याचा शेतकरीही तेव्हा फारसा प्रसन्न नव्हता. मालेगाव मध्यने अधिक निश्चयाने आणि अधिक एकमुखाने मतदान केले हे खरेच. पण निश्चय आणि जन्मदर या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच वर्षांत माणसांची मने पालटतात. मतदार होण्यासाठी मात्र प्रत्येक मनुष्यास, तो कोणत्याही धर्माचा असो, अठरा वर्षे थांबावे लागते.

याच वस्तीची पुढची हकीकत सांगण्याचे हे लोक कटाक्षाने टाळतात. लोकसभेचे मतदान होऊन सहा महिने झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक आली, आणि ज्या मालेगाव मध्यने एका हाताने शिक्का मारल्यासारखे मतदान केले असे सांगितले जात होते, तेथेच एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात मते अशी दुभंगली की निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. तोच मोहल्ला, तेच यंत्रमाग, त्याच मशिदी. जो समाज मे महिन्यात एक होता आणि नोव्हेंबरात दोन झाला, त्याला ‘गठ्ठा’ म्हणायचे असेल तर गठ्ठ्याची व्याख्या नव्याने करावी लागेल. धुळे शहराने २०१९ मध्ये एमआयएमचे फारूक शाह यांना निवडले, कारण त्यांच्या विरोधातील मते अनेक उमेदवारांत वाटली गेली. २०२४ मध्ये ती एकवटली आणि भाजपचे अनुप अग्रवाल मोठ्या फरकाने निवडून आले. पाच वर्षांत शहराची वस्ती अशी काय बदलली होती?

आणखी एक बाब, जी नकाशा उघडून पाहणाऱ्यास तत्काळ दिसते. धुळे लोकसभा मतदारसंघाच्या सहा क्षेत्रांपैकी मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण ही तीन नाशिक जिल्ह्यातील आहेत, आणि धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर हे तालुके नंदुरबार मतदारसंघात आहेत. २००८ च्या पुनर्रचनेत मालेगाव नावाचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ मोडला गेला, आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेले धुळे खुले झाले. या रेषा कोणत्याही आक्रमकाने आखल्या नाहीत; परिसीमन आयोगाच्या दफ्तरात त्या आखल्या गेल्या. तेव्हा धुळ्याचे भवितव्य मालेगावच्या हाती कोणी दिले, असा सवाल करणाऱ्याने तो प्रसूतिगृहाला न करता त्या दफ्तराला करावा हे बरे.

लोकांची संख्या मोजून त्यांचे राजकारण आधीच लिहून ठेवण्याचा हा मोह केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जॉन ज्यूडिस आणि रुय टेक्सेरा या दोन लेखकांनी २००२ मध्ये एका पुस्तकात असे भाकीत केले की, हिस्पॅनिक, आशियाई यांसारखे वाढते समूह आणि शहरांतील सुशिक्षित वर्ग यांच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षास टिकाऊ बहुमत लाभण्याचा काळ येत आहे. एका पक्षाने ते भाकीत उशाला घेऊन निद्रा केली. दुसऱ्याने तेच भाकीत दाखवून गोऱ्या मतदारांस भिवविले. २०२४ मध्ये टेक्सासच्या सीमेवरील स्टार काउंटीने, जेथे जवळजवळ सारी वस्ती हिस्पॅनिक आहे, शंभराहून अधिक वर्षांनंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवारास, म्हणजे ट्रम्प यांना, कौल दिला. त्या दोघा लेखकांनी २०२३ मध्येच दुसरे पुस्तक लिहून डेमोक्रॅटांचे लोक गेले कोठे असा प्रश्न विचारून ठेवला होता. भय आणि भरवसा ही एकाच आकडेमोडीची दोन अपत्ये होत, हे आपल्याकडील दुसऱ्या पक्षानेही ध्यानात घ्यावे. मालेगावची मते ही आपली बिनव्याजी ठेव आहे असे मानून जे निश्चिंत बसले आहेत, त्यांना वरील १६२ चा आकडा पुरेसा बोलका वाटावयास हवा.

आता ‘मूळच्या खानदेशी’कडे वळू. हा मूळचा खानदेशी शोधावयास निघालेल्या मनुष्याची फार पंचाईत होईल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरशाहीतील धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि दुष्काळ यांनी हा मुलूख असा ओस पडला होता की, १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा गावेच्या गावे रानाखाली गेलेली होती, आणि कॅप्टन ब्रिग्ज यास धुळ्याची नवी पेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांस व कारागिरांस सवलती देऊन वसवावी लागली. रावेर, यावल, भुसावळ या पट्ट्यातील लेवा पाटीदार परंपरेने आपले मूळ गुजरातेत सांगतात. शहादा-शिरपूरकडील गुजरांचे तर नावच बोलते. दोंडाईचा-शिंदखेड्याचे गिरासे राजपूत राजस्थानकडे बोट दाखवितात. बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचा आपण सर्व जण खानदेशच्या मातीची वाणी म्हणून गौरव करतो, आणि तो यथार्थच आहे. पण आसोद्याच्या त्या माउलीचे घराणे लेव्यांचे, आणि तिची बोली लेवा गणबोली, हे विसरून चालावयाचे नाही. धुळ्याचे मोमीन विणकर उत्तर हिंदुस्थानातून आले, मारवाडी दुकानदार मारवाडातून, सिंधी १९४७ नंतर सर्वस्व गमावून. भुसावळास रेल्वेने तमिळ, तेलुगू, अँग्लो-इंडियन अशा नाना लोकांची वसाहतच करून ठेवली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, त्याच सुमारास लोहमार्ग या भागात पोचला, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीस जी किंमत आली ती पाहून कोण कोण कोठून कोठून येथे आले याचा हिशेब लावणे कोणाच्याही शक्तीबाहेरचे आहे. खऱ्या अर्थाने सर्वांच्या आधीचा जो भिल्ल, त्यास मात्र ‘मूळच्या’च्या सभेत व्यासपीठावर बसविलेले फारसे दिसत नाही.

आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडे, तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही आहेत. त्यांची नावे, त्यांचे कुलाचार, त्यांच्या वाड्या, सारेच या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. हिंदू-मुसलमान अशा दोन खान्यांत सारे मतदार ओतून निकाल काढणाऱ्या पंडितांनी तडव्यांस कोणत्या खान्यात घातले आहे, हे एकदा कळले तर बरे होईल.

संख्या हेच बळ असेल तर सुरेशदादा जैन यांचे काय करावयाचे? जळगाव शहरात जैनांची मते ती किती! तरी हे गृहस्थ १९८० पासून २०१४ पर्यंत, पक्ष अनेक वेळा बदलूनही, सातत्याने तेथून निवडून येत राहिले. त्यांच्या कारभाराविषयी मतभेद आहेत, आणि ते न्यायालयांपर्यंत गेले. पण जातीची शिरगणती करून त्यांचा विजय कोणासही वर्तविता आला नसता.

परंतु या सर्वांहून मोठे उत्तर ताप्तीच्या दुसऱ्या टोकाला आहे. सुरतेहून अमळनेरला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि तिने खानदेशचा कापूस जसा सुरतेस नेला तसा पुढे खानदेशचा तरुणही नेला. आज उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत हिंडणाऱ्यास आपण गुजरातेत आहोत हे मुद्दाम आठवावे लागते: दुकानांवरील आडनावे पाटील, महाजन, बोरसे, कानावर अहिराणी, सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गावाकडे निघालेल्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही. त्या वस्तीतून चंद्रकांत रघुनाथ पाटील उदयास आले. त्यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. २००९ पासून ते नवसारीचे खासदार आहेत, गुजरातच्या भारतीय जनता पक्षाचे ते प्रदेशाध्यक्ष झाले, २०२४ मध्ये ७ लाख ७३ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले आणि केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून सलग निवडून येत आहेत. या गोष्टीचा आपल्याकडे रास्त अभिमान आहे, त्यांचे सत्कार होतात, कमानी लागतात. मग एवढेच विचारतो: ‘बाहेरून आलेल्यांनी येऊन आमचे राजकारण बळकावले’ हे वाक्य सुरती माणसाने उच्चारले असते तर आपण त्यास काय म्हटले असते? त्याने ते मनात धरून मतपेटीकडे जाण्याचे ठरविले असते तर खानदेशचा एक केंद्रीय मंत्री कमी झाला असता. एकच न्याय ताप्तीच्या उगमाकडे एक आणि मुखाकडे दुसरा असू शकत नाही.

तर मग खानदेशात काहीच बदलले नाही असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. फार मोठा बदल झाला आहे, होत आहे, आणि येथील समाजजीवन व राजकारण दोन्ही त्याने हलली आहेत. पण हा बदल येणाऱ्यांनी घडविला नाही. तो घडविला आहे जाणाऱ्यांनी, आणि त्याहूनही अधिक, जन्मासच न आलेल्यांनी.

२००१ ते २०११ या दशकात जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १४.९ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्राची जवळजवळ १६ टक्क्यांनी. ज्या जिल्ह्यावर लोंढे कोसळत असल्याचा बोभाटा आहे त्याची वाढ राज्याच्या सरासरीहूनही कमी! धुळ्याची वाढ २० टक्के आणि नंदुरबारची त्याहूनही अधिक होती, हे कबूल केले पाहिजे. पण नंदुरबारमध्ये दर दहा माणसांत सात आदिवासी आहेत, आणि त्यांस बाहेरचे म्हणण्याचे धाडस अजून तरी कोणी केलेले नाही. खरी आकडेवारी याच खानेसुमारीच्या दुसऱ्या पानावर आहे. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे जळगाव जिल्ह्यात २००१ मध्ये ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२ उरल्या. राज्याचा आकडा तेव्हा ८९४ होता. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांच्या आधी, १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि सोनोग्राफीची यंत्रे दोन्ही कायद्यांच्या डोळ्यांदेखत तालुक्याच्या गावी पोचली. या मुली कोणा परक्याने पळविल्या नाहीत. बागायतदार, सुशिक्षित, देवभोळ्या अशा आपल्याच घरांनी त्या नाकारल्या.

२००१ ची ती बालके आज पंचविशी-तिशीत आहेत, आणि ८४२ ची पिढी त्यांच्या मागोमाग लग्नाच्या वयास येत आहे. कोणत्याही समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका उघडावी: मुलींच्या बाजूस अपेक्षा या सदरात पुणे, मुंबई, नोकरी, स्वतःचा फ्लॅट, मुलांच्या बाजूस पाच एकर केळी, ठिबक, ट्रॅक्टर आणि शेवटी ‘अपेक्षा: अनुरूप’. मुलींचे चुकते असे मी म्हणणार नाही. ज्या शेतीने त्यांच्या आयांचे हाल केले त्या शेतीत त्यांनी का यावे? पण परिणामी गावोगाव पस्तिशी उलटलेले अविवाहित पुरुष आहेत. जो शिकला तो पुण्याला, जो हाताने काम करू शकतो तो सुरतेला, आणि जो राहिला तो पारावर, मोबाइल हातात, कोणत्यातरी मंडळाचा किंवा पक्षाचा कार्यकर्ता म्हणून. मिरवणुकीस, मोर्चास, दगडास हात याच पारावरून मिळतात. आपल्या आयुष्याचे जे झाले ते कोणामुळे झाले याचे सोपे उत्तर त्यास हवे असते, आणि ते पुरविण्यास वक्ते तत्पर असतात. धुळ्याने २००८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये दंगली भोगल्या, माणसे मेली, दुकाने जळली. तेथे दोन्ही बाजूंस वैर नव्हते असे मी म्हणणार नाही. वैर होते, आणि ते मनुष्यांनी हेतुपुरस्सर जोपासले होते. खानेसुमारीने ते जोपासल्याचे मात्र कोठे नमूद नाही.

लग्न जुळत नाही तेव्हा दलाल येतो. मध्य प्रदेशातून, ओडिशातून, विदर्भाच्या गरीब भागांतून मुलगी आणली जाते. रक्कम मोजली जाते ती ‘लग्नखर्च’ या नावाने. कधी ती मुलगी चार दिवसांत दागिन्यांसह नाहीशी होते आणि वृत्तपत्रात बातमी येते, आणि पुष्कळदा ती राहते, भाकरी थापावयास शिकते, अहिराणी शिकते, आणि तिची मुले गावच्या शाळेत जातात. परप्रांतीयांविरुद्धच्या सभेहून रात्री घरी परतणाऱ्या मनुष्यास त्याच परप्रांताची सून ताट वाढते. अशा घरात मतदार यादीचा शुद्ध खानदेशीपणा कसा राखावयाचा, याची युक्ती वक्त्यांनी सांगितलेली नाही.

शेताचे काय? रावेर, सावदा, यावलची केळी ज्याच्या हाताने उभी आहे तो सालदार आता पावरा किंवा बारेला असतो, सातपुड्याच्या वरचा. आखाजीला त्याचे साल ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. तो बायकामुलांसह मळ्यातल्याच पत्र्याच्या खोलीत राहतो, पहाटे मोटार चालू करतो, घड उतरविणाऱ्या टोळीबरोबर दिवसभर राबतो; पण त्याचे रेशनकार्ड धडगावला किंवा सेंधव्याकडे, मत तिकडे, मुलांचे नाव कोठल्याच पटावर नाही. याच्या उलट, सुरतेस स्थायिक झालेल्या कित्येकांची नावे अद्याप गावच्या यादीत आहेत, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उमेदवार त्यांच्यासाठी गाड्या लावतो, जाता-येताचे जेवण देतो, आणि गावाची पाणीयोजना कशी असावी हे असे लोक ठरवून जातात ज्यांना ते पाणी प्यावयाचे नसते. जो राहतो तो मोजला जात नाही आणि जो मोजला जातो तो राहत नाही: लोकसंख्येने राजकारण बदलल्याचा दाखलाच हवा असेल तर तो हा आहे. याविषयी एकही सभा भरत नाही, कारण यात दोष देण्यास दुसऱ्या धर्माचा कोणी सापडत नाही.

२०२१ ची खानेसुमारी झालीच नाही. ती आता २०२७ मध्ये, जातीच्या नोंदीसह, व्हावयाची ठरली आहे. आणि घटनेतील तरतुदीप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीवरून मतदारसंघांची नवी वाटणी करता येणार आहे. त्या वेळी खानदेशचे तरुण उधना आणि हडपसर येथे मोजले जातील, सालदार कोठे मोजला जाईल याची शाश्वती नाही, आणि ज्या जन्मल्याच नाहीत त्या मुली व त्यांची लेकरे अर्थातच कोठेही मोजली जाणार नाहीत. पुणे-ठाण्याच्या वाढत्या वस्तीपुढे जळगाव जिल्ह्याच्या आजच्या अकरा आमदारांपैकी किती टिकतील याची चिंता ज्यांस वाहावयाची आहे, त्यांनी २००८ मधील एक गोष्ट आठवावी. त्या पुनर्रचनेत यावल आणि पारोळा ही दोन विधानसभा मतदारसंघांची नावे, आणि एरंडोल हे लोकसभा मतदारसंघाचे नाव, नकाशावरून पुसले गेले. मालेगावच्या कोणत्या मोहल्ल्याने ती पुसली, हे धुळ्याच्या बेरजेवर हक्क सांगणाऱ्या विद्वानांनी एकदा आकड्यांनिशी दाखवून द्यावे.